विश्लेषण : सेन्सर रुग्णाची दिनचर्या कशी ओळखतात? त्यामागचे आंद्रेई मार्कोव्ह कोण?

समजा, मालाडच्या एका सोसायटीत स्मृतिभ्रंश झालेल्या आजी दिवसभर घरी एकट्या आहेत. मुलगा लोकलने चर्चगेटला गेलेला. फ्रिज, कपाट, फ्लश यांना छोटे सेन्सर लावले, कॅमेरा नाही. सेन्सरला कळते ते इतकेच : उघडले, बंद झाले. मग आजींनी चहा केला की जेवण, हे संगणक कसे ओळखतो? त्याच्या एका प्रमुख पद्धतीमागे एका रशियन गणितज्ञाचे भांडण आहे.

भांडण कशावरून?

आंद्रेई मार्कोव्ह यांचा जन्म 1856 मध्ये रियाझानचा. गुडघ्याच्या आजारामुळे लहानपण कुबड्यांवर गेले. सेंट पीटर्सबर्गला ते चेबिशेव्ह यांचे शिष्य, पुढे तिथेच प्राध्यापक झाले. स्वभाव तापट. चर्चने टॉलस्टॉय यांना बहिष्कृत केले होते. 1912 मध्ये मार्कोव्ह यांनी आपल्यालाही काढा, असा अर्जच केला.

मॉस्कोचे गणितज्ञ नेक्रासोव्ह यांचे म्हणणे असे, की घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच सरासरी स्थिरावते. समाजाच्या आकडेवारीत ती स्थिर दिसते, म्हणजे माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे! मार्कोव्ह यांना हे पटेना. एकमेकींवर अवलंबून असलेल्या घटनांच्या साखळीतही सरासरी स्थिरावते, हे त्यांनी 1906 मध्ये सिद्ध केले. 1913 मध्ये पुश्किनच्या काव्यातली 20,000 अक्षरे मोजून दाखवली. स्वरानंतर पुन्हा स्वर येण्याची शक्यता सुमारे 13 टक्के, व्यंजनानंतर 66 टक्के. संगणक नव्हता, सगळे हातानेच.

क्रांतीनंतरचे दिवस हलाखीचे होते. पायात घालायला जोडे नाहीत म्हणून बैठकीला येता येत नाही, असे त्यांनी अकादमीला कळवले होते. 1922 मध्ये पेट्रोग्राड इथे त्यांचे निधन झाले.

रुग्णाशी संबंध काय?

अक्षरांच्या जागी कृती ठेवा. उठल्यावर बहुधा शौचालय, मग स्वयंपाकघर. कृती दडलेली, दिसतात फक्त सेन्सरच्या खुणा. अशा दडलेल्या साखळीचे गणित 1960 च्या दशकात अमेरिकेत लिओनार्ड बाउम आणि सहकाऱ्यांनी मांडले. 2008 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी 14 सेन्सर आणि 28 दिवसांच्या नोंदींवर ते वापरले. मात्र त्या घरात राहणारा 26 वर्षांचा तरुण होता, रुग्ण नव्हे.

खरी अडचण इथेच आहे. साखळी सवयीवर चालते आणि या आजारात सवयही मोडू शकते. आजी रात्री तीनला फ्रिज उघडतात, तेव्हा हे नेहमीचे नाही एवढे यंत्र सांगेल. कारण घरच्यांनीच शोधायचे. शिवाय साधी मार्कोव्ह साखळी फक्त आत्ताची पायरी पाहते. सकाळची गोळी घेतली होती का, हे तिला ठाऊक नसते. त्यासाठी औषधाच्या डबीला वेगळा सेन्सर आणि वेगळी नोंद लागते.