विश्लेषण : इस्ट्रोजेन शोधणारे एडवर्ड डॉइझी कोण होते? हे संप्रेरक मेंदूतही कसे तयार होते?

इस्ट्रोजेन म्हटले की अंडाशय, मासिक पाळी आणि गर्भधारणा आठवते. मात्र हेच संप्रेरक मेंदू स्वतःही तयार करतो आणि त्याचा परिणाम काही मिनिटांत, कधी काही सेकंदांतही दिसतो. हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात प्रथम हाती आणणारे अमेरिकी जैवरसायनशास्त्रज्ञ एडवर्ड डॉइझी यांची सारी पद्धत मात्र दोन दिवसांच्या प्रतीक्षेवर आधारलेली होती.

सुरुवात कशी झाली?

डॉइझी यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८९३ रोजी इलिनॉय राज्यातील ह्यूम या छोट्या गावात झाला. इलिनॉय विद्यापीठातील शिक्षणानंतर ते हार्वर्डला गेले. पहिल्या महायुद्धात लष्करी सेवा झाली आणि १९२० मध्ये डॉक्टरेट मिळाली. सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवताना त्यांची एडगर ॲलन या शरीररचनाशास्त्रज्ञाशी गाठ पडली. अंडाशयातून कोणता तरी रासायनिक निरोप रक्तात जातो, अशी ॲलन यांची खात्री होती. तो निरोप वेगळा काढायला रसायनशास्त्रज्ञ हवा होता.

‘ॲलन-डॉइझी चाचणी’ काय होती?

दोघांनी डुकरिणींच्या अंडाशयांतील द्रव घेऊन त्याचा अर्क काढला. अंडाशये काढून टाकलेल्या उंदरांना तो टोचला. साधारण ४८ तासांनी योनीमार्गातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर त्या माजावर असलेल्या मादीसारख्या बदललेल्या दिसत. १९२३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. चाचणी साधी असली तरी महत्त्वाची होती. कोणत्या अर्कात संप्रेरक आहे आणि किती आहे, हे आता मोजता येऊ लागले.

शुद्ध स्फटिक कसे मिळाले?

१९२७ मध्ये बर्लिनच्या ॲशहाइम आणि झोंडेक यांनी गरोदर स्त्रियांच्या मूत्रात हे संप्रेरक मुबलक असल्याचे दाखवले. तोवर डॉइझी सेंट लुइस विद्यापीठात जैवरसायन विभागाचे प्रमुख झाले होते. त्यांनी या मूत्रावर काम सुरू केले आणि १९२९ मध्ये इस्ट्रोनचे स्फटिक वेगळे केले. त्याच वर्षी जर्मनीत अडोल्फ बुटेनांट यांनीही स्वतंत्रपणे तेच साधले. पुढे १९३०च्या दशकात डॉइझी यांच्या चमूने अधिक प्रभावी असे इस्ट्राडायॉल वेगळे केले. त्यासाठी डुकरिणींची सुमारे चार टन अंडाशये लागली आणि हाती आले जेमतेम काही मिलिग्रॅम!

मग नोबेल कशासाठी?

लैंगिक संप्रेरकांसाठी १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल बुटेनांट यांना जाहीर झाले. डॉइझी यांना १९४३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, पण ते ‘के’ जीवनसत्त्वाची रासायनिक रचना उलगडल्याबद्दल, डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांच्यासोबत. ॲलन यांचे त्याच वर्षी, १९४३ मध्ये निधन झाले. ज्या शोधाने दोघांची जोडी ओळखली गेली, त्यासाठी दोघांपैकी कुणालाच नोबेल मिळाले नाही.

त्यांच्या चाचणीत काय दिसत नव्हते?

पेशीचे रूप बदलायला जनुके कामाला लागावी लागतात, नवी प्रथिने तयार व्हावी लागतात. त्याला तास, दिवस लागतात. डॉइझी यांची चाचणी हाच संथ परिणाम टिपत होती. त्यामुळे इस्ट्रोजेन अंडाशयात तयार होते, रक्तातून जाते आणि सावकाश काम करते, अशी समजूत रूढ झाली. १९७१ मध्ये फ्रेडरिक नाफ्टोलिन आणि सहकाऱ्यांनी मानवी गर्भाच्या मेंदूच्या ऊतीत पुरुषी संप्रेरकाचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होते, हे दाखवले. ते काम ॲरोमाटेज हे विकर करते आणि ते नर व मादी दोघांच्याही मेंदूत असते. १९७६ मध्ये उंदरांच्या मज्जापेशींची विद्युत हालचाल इस्ट्राडायॉलमुळे सेकंदांत बदलल्याची नोंद झाली.

हे इतक्या झटपट कसे घडते?

ॲरोमाटेज काही मज्जापेशींच्या टोकांशी, म्हणजे जिथून पुढच्या पेशीला संदेश जातो तिथेच आढळते. तयार झालेले इस्ट्रोजेन जवळच्या पेशीच्या आवरणावरील रिसेप्टरला चिकटते आणि जनुकांची वाट न पाहता तिची संवेदनशीलता बदलते. पेशीत कॅल्शियम वाढले की ॲरोमाटेज काही मिनिटांत मंदावते, म्हणजे नळ उघडायची आणि बंद करायची सोयही जागेवरच आहे. झेब्रा फिंच या पक्ष्याला दुसऱ्या पक्ष्याचे गाणे ऐकवले असता अर्ध्या तासात त्याच्या मेंदूच्या श्रवणभागात इस्ट्राडायॉल वाढल्याचे २००८ मध्ये आढळले.

आपल्यासाठी याचे महत्त्व काय?

स्तनाच्या कर्करोगात ॲरोमाटेज रोखणारी औषधे दिली जातात आणि ती अनेकींचे प्राण वाचवतात. हेच विकर मेंदूतही असल्याने त्यांचा स्मरणशक्तीवर आणि मनःस्थितीवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास सुरू आहे. अशी औषधे घेणाऱ्यांनी ती स्वतःहून थांबवू नयेत. विसराळूपणा किंवा उदासी जाणवल्यास डॉक्टरांना जरूर सांगावे.

डॉइझी १९६५ मध्ये निवृत्त झाले आणि २३ ऑक्टोबर १९८६ रोजी वयाच्या ९२ व्या वर्षी सेंट लुइसमध्ये त्यांचे निधन झाले. आज मेंदूतील इस्ट्रोजेनचा मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवला जातो. पण त्यासाठी ते संप्रेरक आधी शुद्ध रूपात हाती यावे लागले होते.