राज्यघटनेपासून ऊसमळ्यापर्यंत : देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभार

भारताच्या राज्यघटनेवर स्वाक्षरी करणारे आणि शेतकऱ्यांना साखर कारखान्याचे भागधारक करणारे नेते म्हणून रत्नाप्पाण्णा कुंभार यांचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात कायमचे कोरले गेले आहे. १५ सप्टेंबर १९०९ रोजी शिरोळ तालुक्यातील निमशिरगाव येथे एका सामान्य कुटुंबात त्यांचा जन्म झाला. संख्येने अल्प असलेल्या बलुतेदार समाजातील या तरुणाने पुढे जमीनदार शेतकऱ्यांचेही नेतृत्व केले, हे त्यांच्या जीवनाचे वैशिष्ट्य होय.

कोल्हापूर संस्थानात लोकांचे राज्य यावे यासाठी १९३९ मध्ये माधवराव बागल यांच्यासमवेत त्यांनी प्रजा परिषदेची चळवळ उभारली. १९४२ च्या लढ्यात ते भूमिगत झाले. पुढे घटना समितीचे सदस्य झाल्यावर राज्यघटना घडण्याच्या प्रक्रियेत त्यांनी भाग घेतला. १९४९ मध्ये कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्यांच्या राजकीय लढ्याचे उद्दिष्ट सफल झाले.

मात्र मताचा अधिकार मिळाला तरी मालाचा भाव ठरविण्याचा अधिकार शेतकऱ्याला मिळाला नव्हता. गुऱ्हाळात गूळ करून तो पेठेत नेणारा शेतकरी अडत्यावरच अवलंबून असे. या परिस्थितीवर उपाय म्हणून १९५५ मध्ये इचलकरंजीजवळ पंचगंगा सहकारी साखर कारखान्याची स्थापना झाली. भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच, या सहकारी तत्त्वामुळे लहान शेतकऱ्यालाही मोठ्या बागायतदाराइतकाच अधिकार मिळाला. इचलकरंजीच्या विणकरांना रास्त दराने सूत मिळावे, यासाठी शेतकरी-विणकरांच्या सहकारी सूतगिरणीतही त्यांनी पुढाकार घेतला. दिवसा नोकरी करणाऱ्यांसाठी कोल्हापुरात रात्र महाविद्यालयही उभे राहिले.

पहिल्या लोकसभेचे सदस्य, शिरोळचे आमदार आणि राज्यमंत्री अशी पदे त्यांनी भूषविली. १९८५ मध्ये पद्मश्री किताबाने त्यांचा गौरव झाला. २३ डिसेंबर १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे कारखान्याला त्यांचे नाव देण्यात आले. परंतु कालांतराने तो भाडेतत्त्वावर खासगी कंपनीकडे चालविण्यास गेला. सभासदाचा भाग कागदावर राहिला, कारभार मात्र दुसऱ्याच्या हाती आला. संस्थानी सत्तेकडून हक्क मिळविणाऱ्या पिढीने उभारलेली मालकी पुढच्या पिढ्यांनी कशी जपायची, हा प्रश्न रत्नाप्पाण्णांच्या चरित्रातून सहकारापुढे उभा राहतो.