मातांचा कैवारी : डॉ. सेमेलवाइस

आपल्या स्मरणिकेत थोर स्त्रियांची चरित्रे नेहमी येतात. यंदा मी एका पुरुषाचे चरित्र लिहीत आहे. पण ज्याने बाळंतिणींच्या जिवासाठी आपले आयुष्य पणाला लावले, तो भगिनींना परका वाटणार नाही.

इग्नाझ सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा शहरी एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी झाला. व्हिएन्नाची वैद्यकीची पदवी घेऊन १८४६ मध्ये ते तेथील सार्वजनिक रुग्णालयाच्या प्रसूतिविभागात सहायक झाले. या विभागाच्या दोन शाखा होत्या. पहिलीत वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसरीत सुइणी. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या शाखेत शंभरातल्या सुमारे १० बाळंतिणी दगावल्या. दुसरीत ४ देखील नाहीत. गावातल्या बायकांना हे ठाऊक होते. पहिल्या शाखेत नेऊ नका म्हणून त्या गयावया करीत.

वडीलधारे डॉक्टर म्हणत, हवाच दूषित आहे. पण हवा तर दोन्हीकडे एकच! सेमेलवाइसांनी एकेक कारण तपासून पाहिले. गर्दी म्हणावी, तर ती दुसऱ्या शाखेतच अधिक. पहिल्या शाखेत पाद्री घंटा वाजवीत जाई, त्याने बायका घाबरत असतील म्हणून ती बंद करविली. दुसऱ्या शाखेप्रमाणे बायकांना कुशीवर निजवून पाहिले. मृत्यू थांबेनात.

१८४७ च्या मार्चमध्ये त्यांचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून आजारी पडले व वारले. त्यांच्या शरीरात बाळंतरोगाचीच लक्षणे आढळली. सेमेलवाइसांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. विद्यार्थी प्रेतांची चिरफाड करून तसेच बाळंतिणींना तपासत. सुइणी प्रेताला शिवतच नसत. मे महिन्यात त्यांनी नियम केला, की प्रत्येकाने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुऊनच आत यावे. एप्रिलमध्ये शेकडा १८ असलेले मृत्यू जूनमध्ये शेकडा सुमारे २ वर आले. १८४८ च्या मार्चमध्ये तर एकही बाळंतीण गेली नाही.

मी बरीच वर्षे वैद्यकीय संशोधन करणाऱ्या मुलामुलींना संख्याशास्त्र शिकविले. दोन्ही शाखांचे आकडे फळ्यावर मांडून मी कारण विचारी. पुष्कळजण झटकन उत्तर देत. ते खरे की खोटे हे कसे पडताळाल, असे विचारले की वर्ग गप्प होई. तेथूनच खरा अभ्यास सुरू होई. मला अधिक मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. सेमेलवाइस स्वतः पुष्कळ शवविच्छेदन करीत. आपल्याच हातांनी कित्येक माता दगावल्या, हे त्यांनी आपल्या ग्रंथात उघड लिहिले. आकडेमोड शिकविता येते. हे धैर्य शिकविणे कठीण.

इतर डॉक्टरांना मात्र आपले हात दोषी मानणे रुचले नाही. १८४९ मध्ये सेमेलवाइसांची नोकरी संपली, मुदत वाढवून मिळाली नाही. पुढच्या वर्षी ते हंगेरीत परतले. पेस्टच्या रुग्णालयातही त्यांनी मृत्यू शेकडा एकाच्या खाली आणले. त्यांच्याकडेही उणेपणा होता. ग्रंथ लिहायला १८६१ साल उजाडले, आणि विरोधकांना त्यांनी इतकी कडक पत्रे लिहिली की मित्रही दुरावले. १८६५ मध्ये त्यांना व्हिएन्नातल्या वेड्यांच्या रुग्णालयात ठेवले. तेथे १३ ऑगस्टला, अवघ्या ४७ व्या वर्षी, रक्त दूषित होऊन त्यांचा अंत झाला.

१८७९ मध्ये पाश्चर यांनी बाळंतरोगाचे जंतू दाखविले. १९६९ मध्ये बुडापेस्टच्या वैद्यकीय विद्यापीठाला सेमेलवाइसांचे नाव देण्यात आले. माणूस गेल्यावर शंभर वर्षांनी!

भगिनींनो, आपल्या लेकीसुना, नाती आज डॉक्टर, परिचारिका, संशोधक होत आहेत. त्यांच्या हुशारीचे कौतुक आपण करतोच. माझ्या हातून तर हे घडत नाही ना, असे स्वतःला विचारण्याची सवयही त्यांना लागो. आणि ती आपल्या घरातच लागली तर अधिक बरे.