तुटलेल्या कानांना आकार देणारे सर हॅरॉल्ड गिलीज

युद्धात चेहरा गमावलेल्या सैनिकांना पुन्हा समाजात वावरण्याचे बळ देणारे सर हॅरॉल्ड गिलीज आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीचे जनक मानले जातात. त्यांचा जन्म १७ जून १८८२ रोजी न्यूझीलंडमधील डुनेडिन येथे झाला. केंब्रिज येथे शिक्षण घेतल्यानंतर लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्यांनी कान, नाक व घसा या शाखेत प्रावीण्य मिळवले.

पहिल्या महायुद्धात, १९१५ साली ते फ्रान्सला गेले. खंदकातील सैनिकांचे छिन्नविच्छिन्न चेहरे पाहून त्यांनी स्वतंत्र उपचार कक्षाचा आग्रह धरला आणि १९१६ मध्ये ऑल्डरशॉट येथे तो सुरू झाला. त्याच वर्षी सॉमच्या लढाईनंतर तेथे सुमारे २,००० जखमी दाखल झाले. पुढच्याच वर्षी सिडकप येथे खास रुग्णालय उभारण्यात आले. तेथील कक्षांत आरसे ठेवण्यास मनाई होती. गावातील काही बाके निळ्या रंगाची होती. त्यांवर बसलेला रुग्ण पाहून दचकू नये, अशी ती नागरिकांना पूर्वसूचना असे.

कानाची पाळी गालाच्या त्वचेने जोडण्याची पद्धत सुश्रुतसंहितेत वर्णिलेली आहे. मात्र संपूर्ण बाह्यकर्ण घडवण्यास केवळ त्वचा पुरत नाही. तिला आतून आधार लागतो. गिलीज यांनी रुग्णाच्याच बरगडीचे कूर्चा काढून ते कानाच्या आकारात कोरले, कानामागील त्वचेखाली पुरले आणि ते रुजल्यावर त्वचेसह उचलून उभे केले. ही पद्धत त्यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केली.

पुढे जन्मतः कान नसलेल्या मुलांसाठी त्यांनी मातेच्या कानातील कूर्चा वापरून पाहिले. परंतु कालांतराने ते विरघळून गेले व घडवलेला आकार टिकला नाही. रुग्णाचे स्वतःचे कूर्चाच अधिक विश्वासार्ह असल्याचे यातून स्पष्ट झाले. अमेरिकी शल्यविशारद रॅडफर्ड टँझर यांनी १९५९ मध्ये बरगडीच्या कूर्चाची पद्धत नव्याने विकसित केली. आजही अपघातात कान गमावलेल्या अनेक रुग्णांवर याच तत्त्वाने शस्त्रक्रिया केली जाते.

गिलीज यांना १९३० मध्ये 'सर' हा किताब प्रदान करण्यात आला. ऑगस्ट १९६० मध्ये शस्त्रक्रिया करीत असतानाच त्यांची प्रकृती बिघडली आणि १० सप्टेंबर रोजी त्यांचे निधन झाले. गमावलेला अवयव परत देता येत नसला, तरी आरशात पाहण्याचे धैर्य परत देता येते, हा विश्वास त्यांच्या कार्याने शल्यशास्त्राला दिला.