विश्लेषण : हृदयविकाराच्या झटक्यानंतर अंथरुण सोडायला शिकवणारे डॉ. व्हाइट कोण होते?

हृदयविकाराचा झटका येऊन गेला की रुग्णाला जिना चढायचीही धास्ती वाटते. ही भीती घालवणे हा उपचाराचाच भाग आहे, हे जगाला दाखवून दिले ते अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पॉल डडली व्हाइट यांनी.

हृदयरोगाकडे कसे वळले?

व्हाइट यांचा जन्म १८८६चा, बोस्टनचा. वडील डॉक्टर. बहीण हृदयविकाराने दगावली. हार्वर्डमधील शिक्षणानंतर लंडनला जाऊन ते तेव्हा नवे असलेले ईसीजीचे तंत्र शिकले. १९२४ मध्ये ‘अमेरिकन हार्ट असोसिएशन’च्या संस्थापकांत ते होते.

१९५५ मध्ये काय घडले?

अध्यक्ष आयझेनहॉवर यांना २४ सप्टेंबर रोजी डेन्व्हर येथे झटका आला. सोमवारी न्यूयॉर्कचा शेअर बाजार सहा टक्क्यांहून अधिक कोसळला. त्याच दिवशी व्हाइट यांनी पत्रकारांसमोर हा आजार काय असतो, हे साध्या भाषेत समजावले. काहीही न लपवता सांगितल्याने घबराट कमी झाली.

उपचारांत वेगळे काय?

त्या काळी अशा रुग्णांना कित्येक आठवडे अंथरुणातच ठेवत. त्यामुळे शरीर दुबळे होई आणि आपण कायमचे अधू झालो, हा समज पक्का होई. व्हाइट विश्रांतीच्या विरोधात नव्हते. पण ती संपवून रुग्णाने टप्प्याटप्प्याने हालचाल आणि नंतर काम सुरू करावे, असा त्यांचा आग्रह होता. आयझेनहॉवर सात आठवड्यांनी, ११ नोव्हेंबरला रुग्णालयातून बाहेर पडले.

दिलासा की वैद्यकीय निर्णय?

व्हाइट यांनी पोकळ धीर दिला नाही. तपासण्यांनंतर, फेब्रुवारी १९५६ मध्येच त्यांनी अध्यक्ष आणखी पाच ते दहा वर्षे सक्रिय राहू शकतील, असे मत दिले. आयझेनहॉवर पुन्हा निवडून आले. पुढे १९५७ मध्ये पक्षाघाताचा सौम्य झटका येऊनही त्यांनी जानेवारी १९६१ पर्यंतचा कार्यकाळ पूर्ण केला. १९६९ मध्ये हृदयविकारानेच त्यांचे निधन झाले; पण पहिल्या झटक्यानंतर तेरा वर्षांहून अधिक काळ ते जगले.

आज त्याचे महत्त्व काय?

व्हाइट स्वतः उतारवयातही चालत आणि सायकल चालवत. १९७३ मध्ये वयाच्या ८७व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बोस्टनमध्ये चार्ल्स नदीकाठच्या सायकल मार्गाला त्यांचे नाव आहे. आज झटक्यानंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्यायाम आणि समुपदेशन देणारा पुनर्वसन कार्यक्रम हा उपचारांचा मान्य भाग आहे. मात्र किती आणि कधी चालायचे, हे प्रत्येक रुग्णाने आपल्या डॉक्टरांनाच विचारून ठरवायला हवे.