मरहूम रहिमतुल्ला सयानी : बहात्तरांतील एक

मुंबईतील गवालिया टँक परिसरात गोकुळदास तेजपाल यांच्या नावाची एक जुनी संस्कृत पाठशाळा होती. गोकुळदास हे भाटिया समाजातील दानशूर व्यापारी. मुंबईचे जी. टी. रुग्णालयही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या पाठशाळेत २८ डिसेंबर १८८५ रोजी राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, पहिले अधिवेशन भरले. खरे तर हा मान आपल्या पुणे शहराला मिळावयाचा होता. परंतु पुण्यात पटकीची साथ आल्यामुळे अधिवेशन मुंबईस हलविण्यात आले. आज तेथे तेजपाल सभागृह असून नाटके व समारंभ होतात. जवळच ऑगस्ट क्रांती मैदान आहे.

त्या दिवशी पाठशाळेत जमलेल्या ७२ प्रतिनिधींत मुसलमान केवळ दोन होते. त्यांपैकी एक रहिमतुल्ला महंमद सयानी.

सयानींचा जन्म १८४७ साली खोजा कुटुंबात झाला. मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली १८५७ साली. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, १८६८ मध्ये, सयानी एम. ए. झाले. ही पदवी मिळविणारे ते पहिले मुसलमान होत. १८७० साली त्यांनी एलएल. बी. ही पदवीही संपादन केली. त्या काळी आपल्या समाजात इंग्रजी शिक्षणाविषयी मोठी भीती होती. मुलगा शिकला की दीनापासून दुरावेल, असे पुष्कळांना वाटे. सयानींनी दोन्ही गोष्टी सांभाळल्या.

वकिलीत नाव मिळविल्यावर ते सार्वजनिक कामात उतरले. १८८५ साली ते मुंबईचे शेरीफ झाले आणि १८८८ साली महापालिकेचे अध्यक्ष. पुढे कायदेमंडळातही त्यांनी काम केले. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्षपद न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी भूषविले होते. त्यांच्यानंतर तो मान मिळालेले दुसरे मुसलमान म्हणजे सयानी. १८९६ च्या कलकत्ता अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. अध्यक्षीय भाषणात त्यांनी राष्ट्रीय सभेविरुद्ध मुसलमान समाजातून घेतले जाणारे आक्षेप एकेक करून मांडले व प्रत्येकाला शांतपणे उत्तर दिले. आक्षेप घेणाऱ्यांना त्यांनी दूर लोटले नाही, हे विशेष. १९०२ साली ते अल्लाहला प्यारे झाले. मुंबईत प्रभादेवी भागातील एका रस्त्याला त्यांचे नाव आहे.

पालकहो, ७२ जणांत आपले दोनच का होते, याचा विचार करावा. दरवाजा कोणी बंद केला नव्हता. त्या सभेत बसण्यासाठी लागणारे शिक्षण घेतलेली माणसेच आपल्याकडे फार थोडी होती. सभागृह पैशाने बांधता येते. पण त्यात उभे राहून समाजाची बाजू मांडणारा माणूस शाळेतच तयार होतो.

कळससारख्या गावात आजही आठवी-नववीतला मुलगा गॅरेजवर किंवा दुकानात जातो आणि मुलीची शाळा लग्नाच्या बोलण्यांत सुटते. घरची अडचण खरी असते, हे शिक्षक म्हणून मी जाणतो. तरीही नाव काढण्यापूर्वी एकदा शाळेत येऊन बोलावे, ही नम्र विनंती. विद्यार्थी मित्रांनो, सयानी पहिले होते. तुम्हांला पहिले होण्याची गरज नाही, फक्त मधेच थांबू नका.

अल्लाह मरहुमांना जन्नत नसीब करो आणि आपल्या मुलांना इल्मची वाट दाखवो. आमीन.