विकेट काढायला बाळू हवेत, पण चहा मात्र बाहेर! पळवणकर बाळूंची गोष्ट

रविवारी सकाळी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, कुठंही जा. मोकळ्या जागेत टेनिस बॉलची एखादी तरी मॅच सुरू असतेच. एक प्लेअर कमी पडला की बाहेर उभ्या असलेल्याला एकच प्रश्न विचारतात, बॉलिंग येते का?

सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र नुसती बॉलिंग येऊन भागत नव्हतं.

पळवणकर बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणं कोकणातलं, जात चांभार. वडील पुण्यात लष्करात नोकरीला. तिथल्या पारशी क्लबमध्ये बाळूंना काम मिळालं ते पीच झाडायचं आणि रोलर फिरवायचं. पगार महिना ३ रुपये.

१८९२ मध्ये ते इंग्रजांच्या पूना क्लबमध्ये गेले. पगार झाला ४ रुपये. इथं साहेबांना नेटमध्ये बॉलिंग करायची संधी मिळाली. डावखुरी स्पिन टाकत ते तासन् तास घाम गाळायचे. कॅप्टन ग्रेग आऊट झाला की बाळूंना ८ आणे द्यायचा, असं सांगतात. पण हातात बॅट कुणी दिली नाही.

पुण्यातल्या हिंदू क्लबला इंग्रजांना हरवायचं होतं, म्हणून त्यांनी बाळूंना टीममध्ये घेतलं. मैदानात सगळे एकाच बॉलला हात लावायचे. चहाच्या वेळी मात्र बाळू पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात.

पुढं पुण्यात प्लेग आला आणि बाळू मुंबईत आले. १९०६ मध्ये हिंदू संघानं युरोपियन संघाला १०९ रन्सनी हरवलं. त्या संघात बाळू होते, भाऊ शिवरामही होते.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांचा संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला, पण बाळूंनी दौऱ्यात ११४ विकेट काढल्या. परत आल्यावर मुंबईत दलित समाजानं त्यांचा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकरांनाही त्यांचं मोठं कौतुक होतं.

इतकं करूनही हिंदू संघाची कॅप्टनशिप बाळूंना मिळाली नाही. ती १९२३ मध्ये त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाली. फर्स्ट क्लासच्या ३३ मॅचमध्ये १७९ विकेट, ॲव्हरेज १५ च्या आसपास. भारताची पहिली टेस्ट झाली १९३२ ला, तेव्हा बाळूंनी पन्नाशी ओलांडली होती.

त्याच वर्षी पुणे करार झाला. त्यात बाळू वेगळ्या मतदारसंघांच्या विरोधात, गांधीजींच्या बाजूनं उभे राहिले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं मुंबईत त्यांना थेट बाबासाहेबांसमोर उभं केलं. लढत चुरशीची झाली, बाबासाहेब जिंकले.

४ जुलै १९५५ ला बाळू गेले. भारताच्या पहिल्या मोठ्या स्पिनरला टेस्ट कॅप कधीच मिळाली नाही. पण बॉलिंग येते का, एवढ्या एका प्रश्नावर माणसाला टीममध्ये घ्यावं, यासाठी त्यांनी आपल्या डाव्या हातानं आयुष्यभर विकेट काढल्या.